विस्तवाची जोडणी

तक्रार सोमवारी सकाळी आली. बोलून नोंदवलेली होती, म्हणून मी ती चहाचा कप हातात धरूनच ऐकली.

“माझ्या चुलीपाशी रोज दुपारी कुणीतरी येऊन हुबं ऱ्हातंय. बोलत न्हाई, जात बी न्हाई. त्याला तितनं काढा.”

खाली पोर्टलने आपल्या शिरस्त्याप्रमाणे माहिती जोडली होती. तक्रारदार : तानूबाई रामजी उत्तेकर, वय अठ्ठ्याहत्तर. नोंद क्रमांक ४१७ : चूल, वरची आळी, कुसरदरे. कारवाई : जोडण्या तपासून पंधरा दिवसांत अहवाल देणे. जबाबदार कर्मचारी : रेश्मा गणपत ढेबे.

रेश्मा ढेबे म्हणजे मी. आणि तानूबाईच्या चुलीपाशी रोज येऊन उभी राहणारी बाई म्हणजे माझी आई. हे शोधायला मला कुठली तपासणी करायची गरज नव्हती, कारण ती जोडणी मीच केली होती, तीही न विचारता. चहा तसाच ठेवला आणि तक्रार पुन्हा एकदा ऐकली.

कुसरदरे हे गाव आता नाही. बेचाळीस वर्षांपूर्वी ते धरणात गेलं. माणसं उठून तीन वसाहतींमध्ये गेली. आम्ही सांगलीकडे आलो, उत्तेकर माणदेशात गेले, उरलेले पनवेलच्या बाजूला. तेव्हा मी चार वर्षांची होते. माझ्याजवळ गावाची आठवण म्हणावी तर एक झरा, एक काळं कुत्रं आणि आईच्या पदराचा वास, एवढंच. पण गेली सहा वर्षं मी रोज गावात जाऊन येते. आमच्या वसाहतीतली सगळी म्हातारी माणसं जातात. दुपारी जेवून, दोन ते चार.

हे कसं, ते सांगते. एकदाच सांगेन, कारण जिथे ही माणसं निजायला येतात त्या विसावा केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगून माझं तोंड दुखतं.

झोपेत मेंदू स्वस्थ नसतो. दिवसभरात आणि आयुष्यभरात साठवलेलं तो पुन्हा पुन्हा उलगडून बघतो. अशा वेळी झोपलेल्या माणसाच्या नाकाशी ओल्या शेणाचा बारीकसा वास सोडला, कानाशी झऱ्याचा हलका आवाज ठेवला, तर तो त्या वासाची, त्या आवाजाची जागा स्वप्नात शोधायला लागतो. एवढं तर आमच्या लहानपणीच सिद्ध झालं होतं. पुढे कानामागे बसणारी टोपी निघाली. एखादी बाई आपलं घर आठवत असते तेव्हा तिच्या मेंदूत जी लय उमटते, ती ही टोपी टिपून घेते. आणि त्याच घरात कधीकाळी वावरलेल्या दुसऱ्या माणसाला झोपेत तीच लय हळूच ऐकवली, तर तो माणूस त्या घरात जाऊन पोचतो. अट एवढीच, की ती जागा त्याच्याही आत कुठेतरी असायला हवी. ज्याने कुसरदरे पाहिलंच नाही, त्याला टोपी घालून नुसती छान झोप लागते.

आमचं पोर्टल यावर उभं आहे. गावच्या प्रत्येक माणसाचं त्यात एक पान आहे. पण पानावर काहीच नसतं, हे लोकांना पटत नाही. पान म्हणजे नुसती चौकट. त्यात पत्ते असतात : झरा या नोंदीतून घ्या, देऊळ त्या नोंदीतून, शाळेची पायरी तिसऱ्या नोंदीतून. नोंदी सगळ्या एका ठिकाणी सांभाळलेल्या. पान आणि नोंद यांच्यामध्ये धागा बांधायचा, त्याला म्हणतात जोडणी. माझी नोकरी तो धागा बांधण्याची.

नव्याने आलेला प्रत्येक अधिकारी विचारतो, की धागे कशाला हवेत, ज्याच्या-त्याच्या पानावर नोंदीची नक्कल उतरवून का देत नाही? सुरुवातीला दिली होती. नक्कल तीन-चार दुपारी चालते. मग मेंदू ओळखतो की हे शिळं आहे, आणि झोपलेला माणूस त्यातून बाहेर पडतो. आठवण ताजी ठेवायला ती कोणीतरी आठवत राहावी लागते. म्हणून प्रत्येक नोंदीमागे एक जिवंत माणूस आहे, आम्ही त्याला धनी म्हणतो. धनी आठवड्यातून दोन-तीनदा टोपी घालून आपल्या जागेत फिरून येतो, आणि दर वेळी ती आठवण केसभर बदलते, कारण आठवणीचा स्वभावच तो. मूळ नोंद बदलली की तिला जोडलेली सगळी पानं त्याच दुपारी बदलतात. झऱ्याच्या धन्याला एकदा काठावर फुललेला कुडा आठवला, तर दुसऱ्या दिवशी तीन वसाहतींमध्ये मिळून दोनशे माणसं कुड्याची फुलं बघून उठली. त्या दिवशी केंद्रावर फार गोड शांतता होती.

आता माझी चूक. पोर्टल सुरू झालं तेव्हा प्रत्येक नोंदीसाठी एक अर्ज भरायचा होता, आणि त्यात रकाना होता, जागा खाजगी की सार्वजनिक. देऊळ सार्वजनिक, झोपायची खोली खाजगी. चुलीपाशी येऊन मी अडखळले आणि आईला विचारलं. आई तेव्हा चांगली बोलत होती. ती म्हणाली, चुलीला कुठं कुलूप असतं का? आमच्या गावात सकाळी ज्या घरची चूल विझलेली असेल त्या घरची बाई खापर घेऊन शेजारी विस्तव आणायला जायची. दार वाजवायची पद्धत नव्हती. कोणाकडूनही आणावा, कोणालाही द्यावा, नाही म्हणायचं नाही. काडीपेटी घरात असली तरी पहिला जाळ शेजारच्या विस्तवाचा. मला ते इतकं उघड वाटलं, की मी सगळ्या चुलींपुढे सार्वजनिक अशी खूण केली. दुसऱ्या गावच्या कुठल्याही कारकुनाने ही चूक केली नसती.

चुलींचे धनी एकेक करत वारले आणि वरच्या आळीत शेवटी एकच चूल जिवंत राहिली, तानूबाईंची. ज्यांच्या चुली विझल्या त्या एकोणीस पानांना मी तिचीच जोडणी दिली. तरी आईचं पान मी त्यात घेतलं नव्हतं. तानूबाईंचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून होतं, पण गाव सोडल्यापासून त्यांचं नाव आमच्या घरात काढायचं नाही असा दंडक होता. का, ते आईने कधी सांगितलं नाही, आणि बाबा तर त्या वर्षांबद्दल चकार शब्द न बोलता गेले.

गेल्या वर्षी आईने बोलणं सोडलं. विस्मरणाचा आजार होताच, पण आता ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. घास तोंडाशी नेला की ओठ मिटायची. टोपी घातली तर झऱ्यावरून परत यायची आणि आणखीनच गप्प व्हायची. तिच्या स्वतःच्या चुलीची नोंद रिकामी होती, कारण ती आठवून द्यायच्या आतच आजार आला. आणि एका दुपारी मी, शहाणी कारकून, घरचा दंडक मोडून तिच्या पानाला ४१७ जोडून टाकली. माझा विचार असा, की स्वप्नात चुलीवर काही नाव लिहिलेलं नसतं.

त्या दुपारी आई उठली, पदर सारखा केला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा बोलली. “आज न्हाई दिला. उद्या देईल.” मग भाकरी मागून खाल्ली.

तेव्हापासून रोज हेच. उठली की तेच वाक्य, तेच दोन घास, संध्याकाळी अंगणात एक फेरी. काय देईल, कोण देईल, हे विचारलं तर नुसती हसायची. मी विचारणं सोडून दिलं. आई जेवत होती, मला तेवढं पुरे होतं.

आणि आता ही तक्रार. नियमाने धागा तोडायचा, अहवाल लिहायचा, प्रश्न मिटला. मंगळवारी मी तोडूनही पाहिला. आई चार वाजता उठली, खोलीभर काहीतरी शोधलं, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा भिंतीकडे वळली. रात्री जेवली नाही. बुधवारीही नाही. मी ४१७ची नक्कल उतरवून दिली. नक्कल शनिवारपर्यंत चालली. रविवारी आई टोपी घातल्यावर दोन मिनिटांत जागी झाली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, की मीच तिला घरातून बाहेर काढलं असावं. मी मुकाट्याने धागा पुन्हा बांधला. तो तुटला तर माझी आई भिंतीकडे वळून संपणार, हे मला कळून चुकलं होतं, आणि तो ठेवायचा तर एका म्हातारीच्या घरात तिच्या मर्जीविरुद्ध कोणालातरी उभं करून ठेवायचं होतं.

एक कोडं उरलं होतं. तानूबाईंना आई दिसली कशी? पाहुण्यांच्या खुणा धन्यापर्यंत पोचू नयेत म्हणून पोर्टलमध्ये गाळणी आहे. मी तिची कलमं काढून वाचली. गाळणीचा हिशेब सोपा होता. जो हलतो तो पाहुणा, त्याला गाळायचं. जे हलत नाही ते घराचा भाग, ते राहू द्यायचं. एकोणीस पानांवरची माणसं चुलीपाशी यायची, शेकायची, बोलायची, निघून जायची. आई हलतच नसे. महिनोन्महिने ती एका जागी उभी राहिली, आणि गाळणीने तिला भिंतीसारखा घराचा भाग धरलं.

मग मी माझ्या पानाला एका दुपारपुरती ४१७ जोडली. नियमात हेही बसत नव्हतं, पण आता बुडत्याचा पाय खोलात.

आधी धूर आला, कोरड्या लाकडाचा, डोळ्यांना न झोंबणारा. मग जमीन, नुकती सारवलेली, तळपायाला गार. कौलातून उन्हाचा एक कवडसा खाली आला होता आणि धूर त्यातून सावकाश चढत होता. मी फार ठेंगणी होते. गावाची माझी आठवण चार वर्षांच्या उंचीची, म्हणून मला सगळं तेवढ्यावरूनच दिसत होतं. चुलीपुढे एक बाई पाठमोरी बसली होती, रुंद खांद्यांची. आणि उंबऱ्यात, माझ्या डोक्याच्या वर, एक हात होता. हिरव्या बांगड्या, हातात कौलाचं खापर, खापरात थोडी राख. हात पुढे केलेला होता, तो मागेही येत नव्हता, थरथरतही नव्हता. मी वर बघायचा प्रयत्न केला पण चेहरा कवडशाच्या पलीकडे होता. मी पदर धरला. तो वास माझ्या ओळखीचा होता. मी जागी झाले तेव्हा उशी भिजलेली होती आणि केंद्रावरची बाकीची माणसं अजून आपापल्या उन्हात झोपलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी वडापच्या गाडीने माणदेशात गेले. वडाप आता विजेवर चालते, चालवायलाही कोणी लागत नाही, पण माणसं अजून पूर्वीसारखीच कोंबून बसतात.

तानूबाई ओसरीत मटकी निवडत बसल्या होत्या. खांदे अजून रुंद होते, बाकी शरीर वाळून गेलं होतं. मी पोर्टलवरून आले म्हटल्यावर त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला. मी ठरवून आले होते, की आधी गाळणीचं समजावायचं, मग नियमाचं, मग हळूच मुद्द्यावर यायचं. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि सुपातलं काम थांबवलं.

“गणपाची पोरगी न्हवं का तू? हनुवटी त्याचीच हाय.”

मग मी सगळं सांगून टाकलं. चुलींपुढे केलेली खूण, आईचं भिंतीकडे वळणं, चोरून बांधलेला धागा, उद्या देईल म्हणून रोज जेवणारी आई. शेवटी म्हटलं, काकी, चूक माझी आहे, तुम्ही म्हणाल तर आत्ता इथे बसून तोडते. त्यांनी सुपातली मटकी पुन्हा निवडायला घेतली. चहा आला, त्यावर साय धरली.

जे कळलं ते असं. धरण होणार म्हटल्यावर कुसरदऱ्याने एक शपथ घेतली होती, की कोणीही घर सोडायच्या कागदावर सही करायची नाही. रामजी उत्तेकर त्यापायी दोन महिने तुरुंगात होते. ते आत असताना माझ्या बाबांनी सही केली, गावात पहिली. घराची लाकडं काढून ट्रकमध्ये भरली. घर मोडलं म्हणजे चूल मोडली. निघायच्या सकाळी आई खापर घेऊन शेजारी गेली. नव्या जागी पहिला जाळ गावच्या विस्तवाचा व्हावा, एवढंच तिचं मागणं होतं.

“मी म्हनलं, ज्यानं गावावर पानी सोडलं त्याच्या घरात माझ्या चुलीचा विस्तव जायचा न्हाई. पाठ फिरवून बसले. ती हुबीच ऱ्हायली. ट्रकवाला वरडाय लागला तवा गेली. तू बी हुतीस, तिचा पदर धरून.”

गावात विस्तवाला नाही म्हणणारी ती पहिली बाई. आणि तीन महिन्यांनी त्यांनाही सही करून निघावं लागलं.

मी म्हटलं, आता स्वप्नात द्या ना काकी. तुमचीच नोंद आहे, एकदा निखारा उचलून तिच्या खापरात टाका, ती सुखाने परत जाईल. यावर त्या हसल्या, पण ते हसू बघवत नव्हतं.

“म्हैनाभर तेच करतेय. हात उठत न्हाई, पोरी. मी दिलाच न्हवता तर आठवू कुठनं? खोटं सांगता येतं, खोटं आठवता येत न्हाई. म्हनून तुमाला तक्रार केली. ती अनसाच हाय, तुझी आय, मला पयल्या दिवशीच कळलं हुतं. मला तिच्याकडं बघवत न्हाई, म्हनून काढा म्हनलं.”

यावर माझ्या पोर्टलमध्ये कुठलीच सोय नव्हती. धागा बांधता येतो, तोडता येतो. मूळ नोंद बदलायची तर ज्याची आहे त्यानेच काहीतरी जगायला हवं. मी निघायला उठले, तेव्हा काकीही उठल्या. घराच्या मागे पाणी तापवायची चूल होती. त्यांनी गोवरीचा धगधगता तुकडा चिमट्याने उचलला, डेचकीत राखेच्या पोटात पुरला आणि वर झाकणी ठेवली.

“गावचा विस्तव मी आनला हुता जपून. पयल्याच वर्षी इझला. कुनाला सांगितलं न्हाई. हा काडीपेटीचाच हाय,” त्या म्हणाल्या. मग चपला शोधायला लागल्या.

त्या प्रवासाचं काय सांगू. वडापला धुराचा वास आला आणि ती भर रस्त्यात थांबून आग लागल्याचं सांगायला लागली. अकरा माणसांनी खाली उतरून तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. गाडीत चालवणारा असता तर त्याला विडी दिली असती, गाडीला काय देणार? शेवटी काकींनी डेचकी खिडकीबाहेर धरली आणि उरलेले दीड तास हात बाहेर काढून बसल्या. मी दोनदा म्हटलं, मी धरते. त्यांनी ऐकलं नाही. दर फाट्यावर त्या झाकणी किलकिली करून आत बघायच्या, फुंकर घालायच्या आणि पुन्हा हात बाहेर काढायच्या.

आम्ही पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. आई नुकतीच उठून अंगणातल्या बाजेवर बसली होती. शेजारणीने तिची टोपी काढून वेणी घातली होती. मी भीत होते. आईच्या स्वप्नात तानू छत्तीस वर्षांची, रुंद पाठीची, आणि समोर ही वाळकी म्हातारी. आईने तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत ओळख उमटली नाही. मला तर ती कित्येक दिवस ओळखत नव्हती.

अंगणात पेरूच्या बुंध्याशी एक फुटकं कौल पडलं होतं, ते काकींनी उचललं, त्यात चिमूटभर राख पसरली आणि डेचकीतला निखारा त्यावर ठेवला. वाटेत त्याचा अर्ध्याहून जास्त भाग राख झाला होता. सुपारीएवढा लाल डोळा उरला होता. त्यांनी कौल दोन्ही हातांनी आईपुढे धरलं.

आईने विस्तवाकडे पाहिलं. मग तिचे हात पुढे झाले, सरळ, न थरथरता, जसे मी उंबऱ्यात पाहिले होते तसे. कौल तिने मांडीवर घेतलं आणि वाकून फुंकर घातली. एक, दोन, तीन. निखारा फुलला. तिने मान वर केली आणि त्या अनोळखी म्हातारीला विचारलं,

“तानूनं धाडला का?”

काकींनी पदर डोळ्यांना लावला, तो काढला, मग म्हणाल्या,

“व्हय. तिनंच धाडलाय.”

“मला ठावं हुतं,” आई म्हणाली.

मी तीन विटा मांडल्या. आईने त्यात काटक्या रचल्या, कोणीही न सांगता, बारीक खाली आणि जाड वर. जाळ धरल्यावर तिने मला पातेलं आणायला सांगितलं आणि पाहुण्या बाईला चहा पिऊन जा म्हणाली. आमच्या तिघींच्या चहात साखर घालायला मी विसरले. दोघींनी तो तसाच प्यायला.

काकी त्या रात्री आमच्याकडे राहिल्या आणि दुसऱ्या दुपारी आमच्याच केंद्रावर टोपी घालून निजल्या. मी पडद्यासमोर बसून होते. दोन वाजून सव्वीस मिनिटांनी नोंद क्रमांक ४१७ बदलली. केसभर नाही, चांगलीच बदलली. चार वाजल्यापासून निरोप यायला लागले. पनवेलजवळच्या एका आजोबांनी विचारलं होतं, की आज चुलीपाशी हसण्याचा आवाज कसला होता. सांगलीतल्या एका बाईला उठल्यावर तळहात कोमट लागत होता. कोणीतरी नुसतंच कळवलं होतं, आज तिथं बसायला जागा जास्त होती. एकोणीसच्या एकोणीस पानांवर ती दुपार पोचली होती. त्यांतल्या कोणालाही शपथेचं, सहीचं, ट्रकचं काही माहीत नव्हतं.

आईच्या पानावर मात्र ती दुपार दिसलीच नाही. ती ४१७वर गेलीच नाही. ४१७ बदलल्यावर मी पडद्यासमोरून उठून केंद्रावरच निजलेल्या तिच्या बाजेशी जाऊन बसले होते. वाट पाहणं संपलं, आता ती कशासाठी उठेल? तिचा श्वास संथ होता, ओठ मध्येच गोल व्हायचे आणि पुन्हा मिटायचे. ती फुंकर घालते आहे, हे लक्षात यायला मला वेळ लागला. मी पडद्याकडे धावले. नोंद क्रमांक ४१८, चूल, ढेबे यांचं घर, वरची आळी. सहा वर्षं रिकामी असलेली ती नोंद भरत होती. आधी नुसती ऊब, मग तीन दगड, मग वरचं काळं झालेलं कौल, मग पाण्याच्या घागरींची उतरंड. एका खऱ्या विस्तवाभोवती आई आपलं मोडलेलं घर परत रचत होती.

मी अहवाल खरा लिहिला. कचेरीने माझे जोडणीचे अधिकार सहा महिन्यांसाठी काढून घेतले, सगळ्या चुलींपुढची खूण बदलून खाजगी केली आणि एकोणीस पानांची संमती काकींकडून नव्याने मागितली. त्यांनी सगळ्यांना दिली. मी आता केंद्रावर टोप्या वाटते, चादरी झटकते. कामात कमीपणा वाटत नाही, उलट माणसं झोपेतून परत येताना त्यांचे चेहरे जवळून बघायला मिळतात.

पंधरवड्याने तालुक्याच्या कचेरीतल्या मुलीचा फोन आला. एक अर्ज आला आहे, पण त्याला तुमच्या आईचा अंगठा लागेल, म्हणाली. तानूबाई रामजी उत्तेकर यांच्या पानाला नोंद क्रमांक ४१८ची जोडणी हवी होती. त्या मुलीला नवल वाटत होतं, ज्या बाईची स्वतःची एवढी छान चूल आहे तिला दुसऱ्याची कशाला हवी? कारणाच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते मी विचारलं. तिने वाचून दाखवलं. विस्तव आणायला.

मी आईला अंगठ्याचं समजावायला गेले. तिला पोर्टल कळलं नाही, नोंद कळली नाही, तानूबाई कोण तेही त्या दिवशी कळत नव्हतं. चुलीपाशी कोणी येऊ का विचारतंय, एवढंच मी म्हटलं. विचारायचं काय त्यात, असं पुटपुटत तिने अंगठा दिला.

दुसऱ्या दुपारी ती जरा उशिराच जागी झाली. मी टोपी काढत होते. तिने माझा हात धरला आणि गावातली बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाली, “तानू आली हुती. तिची चूल इझलीया. रिकाम्या हातानं न्हाई धाडली मी.”

मग तिने भाकरी मागितली.